भाजून पाठवलेली माती

अमरावतीला एम.एस्सी. करताना मी विष खाणारे जीवाणू शोधत होते. विषय मोठ्या ऐटीत निवडला होता, कारण माती घरचीच होती. चांदूर रेल्वेजवळच्या आमच्या वावरात, बांधाच्या एका कोपऱ्यात, बाबा वर्षानुवर्षं फवारणीचा पंप धुतात. तिथे गवतसुद्धा धड उगवत नाही. अशा जागी जो जीवाणू तग धरतो, तो कीटकनाशकावरच पोट भरत असणार, असा माझा हिशेब.

फोन केला, आईने एसटीने डबा पाठवला. माती अगदी मोकळी, एक खडा नाही. मी प्लेटमध्ये खाऊ म्हणून फक्त ते कीटकनाशक घातलं, वर माती पाण्यात कालवून पसरली आणि वाट बघत बसले. आठवडा गेला, प्लेटा कोऱ्याच. पुन्हा केलं, पुन्हा कोऱ्या. माझ्या गाईड मॅडम म्हणाल्या, "आता शेवटचं एकदा बघ, नाहीतर विषय बदल." होस्टेलवर येऊन मी चक्क रडले. वर्गभर मिरवलं होतं ना.

शेवटी आईलाच विचारलं, माती नक्की त्याच कोपऱ्यातली ना?

"त्याच कोपऱ्यातली हाय. चाळली, दोन दिवस उन्हात वाळवली, मंग जुन्या घमेल्यात घालून अंगणातल्या चुलीवर चांगली भाजली."

"भाजली? कावून?"

"किडे पडतीन म्हणून. रवा नाही भाजून ठेवत का आपण?"

मी कपाळावर हात मारला. आधी चिडून, मग हसत तिला सांगितलं की डोळ्यांना न दिसणारे ते किडेच मला हवे होते. 

"म्हणजे म्या त्याइले जित्ते भाजले काय?"

आता तिचीच समजूत घालायची पाळी माझ्यावर आली.

दोन दिवसांत दुसरा डबा आला. माती ओलसर, ढेकळांसकट. झाकणाऐवजी तोंडाला बाबांच्या दुपट्ट्याचं फडकं, आतल्यांना हवा लागावी म्हणून. सावलीत ठेवा, अशी कंडक्टरला ताकीदही दिली होती म्हणे.

पाचव्या दिवशी प्लेटवर फिकट पिवळे ठिपके उमटले. मॅडमनी प्लेट उजेडात धरून पाहिली आणि म्हणाल्या, "राहू दे हाच विषय." मला इतका आनंद झाला की लॅबच्या पायऱ्यांवरूनच घरी फोन लावला. एरवी आई फोन उचलते ती मला जेवलीस का विचारतच. त्या दिवशी तिने विचारलं, "जेवले काय ते?"

जेवले म्हटलं, पोटभर.