आवाज न करणारं कार्ड

माझ्या कॉम्प्युटरचा पंखा शिट्टी मारायला लागला की माझा बाप झोपेतून उठून माझ्या आईला मारायचा. हे आधीच सांगून टाकते. म्हणजे ग्राफिक्स कार्ड घेताना मी वेगाआधी आवाजाची चौकशी का करत होते, ते कुणी विचारायला नको.

भिवंडीत आमची खोली पहिल्या मजल्यावर आहे आणि खाली लूम आहेत. दिवसरात्र खडखडाट असतो. ताटातली आमटी थरथरते, भिंतीवरचं कॅलेंडर हलतं. पाहुणे विचारतात, तुम्हाला झोप कशी लागते? आम्हाला झोप छान लागते. लाईट जाऊन लूम थांबले की मात्र सगळी बिल्डिंग दचकून जागी होते.

बाप मूळचा दिघाशीकडचा. त्याचं आयुष्य जॉबरकीत गेलं. जॉबर म्हणजे लूम दुरुस्त करणारा मिस्त्री. रातपाळी करून तो सकाळी आठला घरी यायचा आणि भाकरी खाऊन पडद्याआड आडवा व्हायचा. मी वळ गावातल्या एका गोदामात दुपारच्या शिफ्टला होते. म्हणजे सकाळचे तीन तास माझे, आणि त्याची झोपही त्याच तीन तासांत, त्याच खोलीत.

त्या तीन तासांत मी माणसं मारायचे. दुसरा शब्द वापरण्यात अर्थ नाही. कॉम्प्युटरच्या पडद्यावर शत्रू दिसला की डोक्यात गोळी, जवळ आला की चाकू. गोदामात आठ तास खोक्यांवरचे पट्टे स्कॅन करायचे, सुपरवायझरचं 'जल्दी करो मॅडम' ऐकायचं, आणि तोंडातून ब्र काढायचा नाही. तो सगळा राग सकाळी मोकळा व्हायचा. माझ्यासारखी रागीट पोरगी खेळली नसती तर खरोखरच कुणाचं तरी डोकं फोडून बसली असती, असं मी तेव्हा मैत्रिणींना हसत सांगायचे.

जुनं कार्ड मी कुणाकडून तरी वापरलेलं घेतलं होतं. आधीच्या मालकाने त्याला पार पिळून काढलं होतं. त्यात आमच्या बिल्डिंगची हवा म्हणजे अर्धी हवा आणि अर्धी रुई. कापसाचं तूस पंख्यात जाऊन बसायचं. मी दर आठवड्याला ब्रशने काढायचे, पण चार दिवसांत पुन्हा भरायचं. मग कार्ड तापायचं, पंखा जिवाच्या आकांताने फिरायचा आणि बारीक शिट्टी सुरू व्हायची.

बापाला ऐकू कमीच येतं. आई चार हाका मारते तेव्हा पाचवी त्याला पोचते. पण ती शिट्टी त्याला ऐकू यायची. लूमच्या खडखडाटात बेअरिंग जायला लागलं की अशीच बारीक शिट्टी येते, आणि जॉबरला ती ऐकू आली नाही तर मशीन मोडतं. एकदा त्याने तिकडे काणाडोळा केला होता. लूम बिघडला, आडवा धागा नेणारा धोटा सुटून उडाला आणि याच्या जबड्यावर बसला. तीन दात गेले, हनुवटी वाकडी झाली. तेव्हापासून ती शिट्टी कानात गेली की डोकं जागं व्हायच्या आधी त्याचा हात उठायचा. हे कारण झालं. माफी मी दिलेली नाही आणि देणारही नाही.

मला तो लहानपणी पट्ट्याने मारायचा. मी पगार घरात द्यायला लागले तसं त्याने माझ्यावर हात टाकणं सोडलं. आई कमवत नव्हती, त्यामुळे माझ्या वाटणीचंही तिलाच मिळायला लागलं. पंखा माझा, शिट्टी माझ्या खेळाची, आणि थप्पड तिच्या कानावर. एकदा त्याने तिचं मनगट पिरगाळलं तेव्हा मी हेडफोन लावून बसले होते आणि मला कळलंच नाही. मागे वळले तर ती चुलीशी उकिडवी बसून उरलेल्या हाताने पीठ मळत होती.

मग खेळणं सोडायचं की, असं कुणीही म्हणेल. मीही म्हटलं. आठ दिवस सोडलंही. नवव्या दिवशी गोदामात एका पोराच्या अंगावर मी स्कॅनर फेकला आणि नोकरी जाता जाता वाचली. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा मशीन चालू केलं. आईने पाहिलं आणि पिठाचा डबा पुढे ओढला. माझ्या खेळाची किंमत ती अंगावर देत होती हे मला ठाऊक होतं, तरी मी खेळत होते. त्याची लाज मला आजही वाटते.

म्हणून कार्ड बदलायचं ठरवलं. बजेट म्हणजे दोन वर्षांच्या बोनसमधून मागे टाकलेलं होतं, तेवढंच. महिनाभर मी मोबाईलवर व्हिडिओ पाहत होते. सगळे पठ्ठे वेगाबद्दल बोलायचे. आवाजाबद्दल शेवटी एखादं वाक्य, तेही त्यांच्या शांत, बंद खोलीतलं. हळूहळू एवढं कळलं की वीज कमी खाणारं कार्ड कमी तापतं, आणि कमी तापणाऱ्याला पंखा जोरात फिरवावा लागत नाही. एका पंख्याचं छोटं कार्ड स्वस्त असतं पण तेच जास्त किंचाळतं. मोठं ताकदवान कार्ड घ्यावं तर माझा जुना पॉवर सप्लाय त्याला पुरा पडणारा नव्हता, सगळंच बदलावं लागलं असतं. नाकापेक्षा मोती जड. मला हवं होतं मधलं: दोन मोठे पंखे, उष्णता ओढून घेणारा जाड हीटसिंक आणि विजेची वेगळी वायर न लागणारं.

कल्याणच्या एका दुकानात तसं मिळालं. दुकानदार म्हणाला, "एकदम सायलेंट है मॅडम."

मी म्हटलं, "चालवून दाखवा. मला ऐकायचंय."

"ऐकायचंय? लोक गेम लावून बघतात."

"मला बघायचं नाही. बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर."

तो हसला. पत्ता लिहून घेताना भिवंडी ऐकून आणखी हसला. "भिवंडीत राहता आणि आवाज नको?" पण त्याने लावून दाखवलं. मी कान कॅबिनेटला लावून वीस मिनिटं उभी होते. गिऱ्हाइकं माझ्याकडे बघत होती. शिट्टी नव्हती. नुसता हवेचा हलका फुसकारा येत होता, आणि खेळ बंद केल्यावर तर दोन्ही पंखे चक्क थांबले. दुकानदाराने समजावलं की कार्ड गार असलं की पंखे थांबतात, तापलं की आपोआप फिरतात, ही नव्या कार्डांची सोय आहे. मी तिथल्या तिथे घेतलं.

घरी लावलं, खेळाला सेकंदाला साठ फ्रेमची, म्हणजे साठ चित्रांचीच, मर्यादा घातली म्हणजे कार्ड आणखी गार राहील. पहिल्या दिवशी मी तीन तास गोळ्या घातल्या आणि पडद्याआड बाप घोरत होता. आईने पोळपाट मांडताना एकदा माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. तीन आठवडे असे गेले. तिसऱ्या आठवड्यात ती भाकऱ्या थापताना गुणगुणत होती. मी तिचं गुणगुणणं आयुष्यात ऐकलं नव्हतं.

मग एका सकाळी नळाला पाणी आलं. मी खेळ थांबवून कळशी घेऊन खाली गेले. मशीन चालूच ठेवलं. पुढचं मला आईने नंतर सांगितलं.

बाप पाणी प्यायला उठला. कॅबिनेटला बाजूने काच आहे, आत दिवा लागतो. त्याला दिसलं की दिवा चालू आणि पंखे उभे. लूमवाल्याला हे दृश्य बघवत नाही. करंट आहे आणि चाक फिरत नाही, म्हणजे मशीन जाम आहे आणि मोटर जळणार. त्याने जॉबरसारखा कॅबिनेटवर तळवा ठेवून बघितला. थरथर नाही. सगळ्या आयुष्यात त्याच्या हाताखाली चालू मशीन कधी गप्प नव्हतं.

आई म्हणाली, "हात नको लावूस. तिला येऊ दे."

"ती येईस्तोवर मोटर जलेल," तो म्हणाला. "जाम झालाय तो."

पिशवीतून त्याने पेचकस आणि तेलाची कुप्पी काढली. काच उघडली, दोन्ही पंख्यांच्या मधोमध लूमचं तेल सोडलं आणि पेचकसाने पातं ढकलून बघायला लागला. मशीन जागं करायला दुसऱ्या हाताने कीबोर्डवर थाप मारली. थांबवलेला खेळ सुरू झाला. कार्ड तापलं, आणि पेचकस आत असतानाच पंखा आपोआप फिरला.

मी जिन्यात होते तेव्हा काड्कन आवाज आला. मागोमाग ती शिट्टी, जुन्या कार्डापेक्षा दहापट वाईट. मी धावत वर आले. भरलेली कळशी हातातच होती. दारातून दिसलं ते एवढं: उघडी काच, तेलाने माखलेलं माझं कार्ड, आणि तळव्यावर तुटलेलं पातं घेऊन उभा असलेला बाप. तो माझ्याकडे वळला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता.

"बंद परली व्हती गो," तो म्हणाला. "मी चालू केली."

नंतर शेजारणींना मी सांगितलं की त्याने आईवर हात उचलला म्हणून मी मारलं. ते खोटं आहे. त्याने हात उचलला नव्हता. मी कार्डासाठी मारलं. दोन वर्षांचा बोनस, महिनाभर घातलेलं डोकं, आईचं ते गुणगुणणं, सगळं त्याच्या तळव्यावर तुकडा होऊन पडलं होतं, आणि मला त्याचं तोंड फोडायचं होतं. ज्या बाजूला दात शिल्लक होते ती बाजू धरून मी कळशी दोन्ही हातांनी फिरवली.

आई मध्ये आली. आयुष्यभर ती मारणाऱ्याच्या आणि मार खाणाऱ्याच्या मध्ये उभी राहत आली, तिला दुसरं येतच नव्हतं. कळशी तिच्या गळ्याच्या हाडावर बसली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. ती खाली बसली, पाणी खोलीभर झालं.

"न्हाय लागला," ती म्हणाली. "काय न्हाय लागला मना."

बापाने पुढे होऊन आधी मेन स्विच पाडला. पाणी बोर्डाकडे चाललं होतं, तिघांनाही करंट बसला असता. मग त्याने तिला काखेत हात घालून उचलली. मी कळशी हातात धरून उभीच होते. ती खाली ठेवायचं मला सुचत नव्हतं.

सरकारी दवाखान्यात आईने सांगितलं की पाणी भरताना जिन्यावरून घसरले. सांगायची तिला सवय होती, एकदाही अडखळली नाही. डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून बापाकडे रोखून पाहिलं. त्यांना काय वाटलं ते उघड होतं. बापाने मान खाली घातली. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या वाट्याला खोटा आळ आला होता आणि तो त्याने घेतला. मी बाजूच्या बाकड्यावर आईची पिशवी धरून बसले होते. खरं मीही सांगितलं नाही.

कार्ड चालतं अजून. एका पंख्यावर, फ्रेमची मर्यादा आणखी खाली आणून. त्या दिवसानंतर बापाने आईला हात लावलेला नाही. शेजारीण म्हणते, बरं झालं, असाच हिसका दाखवायला पाहिजे होता, खाण तशी माती. मला ते ऐकून आधी बरं वाटलं, हे खरं आहे. घरात वर्षानुवर्षं कुणी करू शकलं नाही ते मी एका फटक्यात केलं होतं. तो माझ्या येण्याजाण्याकडे लक्ष ठेवून वागायला लागला. मी घरात असले की खोकलासुद्धा दाबून ठेवायचा.

आईच्या गळ्याचा पट्टा निघाला त्या शुक्रवारी आठवड्याच्या सुट्टीमुळे लूम बंद होते आणि मलाही सुट्टी होती, त्यामुळे तिघं एकत्र जेवायला बसलो. आमच्याकडे तव्यावरची पहिली भाकरी बापाच्या ताटात जाते. आईला कुणी शिकवलेलं नाही, तिच्या सासूकडेही तसंच होतं. त्या दिवशी तिने भाकरी उचलली, आमच्या दोघांवरून एक नजर फिरवली आणि ती माझ्या ताटात टाकली. टाकताना हात लांब ठेवला आणि लगेच मागे घेतला. तव्याकडे वळून हळूच विचारलं, "मीठ कमी हाय का गो? सांग आधी." असं ती आजवर फक्त त्याला विचारत आली होती.

बापाने माझ्या ताटाकडे पाहिलं आणि रिकाम्या ताटासमोर तो बसून राहिला. ती भाकरी उचलून त्याच्या ताटात ठेवायला हवी होती, किंवा आईचा हात धरायला हवा होता. मला भूक लागली होती. मी भाकरी मोडली आणि खाल्ली, आणि खोटं कशाला सांगू, मला ती गोड लागली.