वैशूच्या दोन रेघा

संभाजीरावांचा फोन आला तेव्हा मी साताऱ्यात, शाळेच्या व्हरांड्यात होते. "ताई, वैशू गेली..." एवढंच ते बोलले. मागं सांगलीच्या दवाखान्यातला गलका ऐकू येत होता.

वैशाली माझी धाकटी बहीण. दिली माहेरच्या विट्यातच, पण नवऱ्याचं, संभाजीरावांचं, सोनं गाळायचं दुकान तमिळनाडूत. पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा ती माहेरी आली. उलट्या अशा की पाणी ठरेना, पोट मात्र महिन्याच्या मानानं मोठं. आई खुशीत होती, "जुळी हायती बघ." सोनोग्राफीत बाळच दिसलं नाही. बाळाला पोसणारी वार तेवढी वाढलेली, बारीक द्राक्षांच्या घडासारखी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, याला द्राक्षगर्भच म्हणतात. जे हार्मोन गर्भ टिकवतं, तेच ही वार बाळाशिवाय भरमसाट तयार करते. म्हणून चाचणीत दिवस गेल्याचंच येतं, उलट्याही खऱ्या. पिशवी साफ केली. हार्मोन पुरतं उतरेपर्यंत दर आठवड्याला रक्त तपासायचं, नंतरही काही महिने, आणि तोवर दिवस जाऊ द्यायचे नाहीत, असं त्यांनी बजावलं.

हार्मोन उतरत होतं. वैशूला भूक लागायला लागली, ती हसायला लागली. सासूबाई म्हणाल्या, "रगात काढून काढून पोर वाळली. आता बरी हाय न्हवं? जाऊ दे नवऱ्याकडं." त्यांच्या बोलण्यात मायाच होती. वैशू गेली, आणि तपासणी राहून गेली.

काही महिन्यांनी तिनं फोटो पाठवला. चाचणीच्या पट्टीवर दोन ठळक रेघा. मी लगेच फोन केला. "डॉक्टरांना दाखव आधी."

"दाखवते गं. आज तरी हसू दे मला."

पण गावाकडं येऊनच दाखवू म्हणत आठवडे गेले. आली तेव्हा खोकत होती, रुमालाला रक्त लागत होतं. सांगलीत नेलं. पिशवीत गर्भ नव्हता. मागे राहिलेल्या वारेच्या पेशींचा कॅन्सर होऊन तो फुफ्फुसात पोचला होता, मेंदूतही. हा आजार औषधाला चांगली दाद देतो, पण वेळेत आलं तर, तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

सलाईन लावलेल्या हातानं वैशूनं माझा पदर धरला. "ताई, मग त्या रेघा कुणाच्या गं व्हत्या? मी तर त्याच्याशी बोलत व्हते..."

मी तिच्या सलाईनची नळी सरळ केली.

परवा विट्याला गेले. माहेरच्या कपाटात तिचे ब्लाउज आहेत. आता अंग भरणार म्हणून तिनं साऱ्यांच्या बाजूच्या शिवणी उसवून ते सैल करून आणले होते. तोवर तिची तब्येत इतकी उतरली होती की ते खांद्यावर ठरत नव्हते. आई ते कुणाला देऊ देत नाही. एक मी अंगाला लावून बघितला... जुन्या टाक्यांची भोकं अजून तशीच होती, आणि दंडाजवळ तिच्या पावडरीचा वास होता. आई दारातून म्हणाली, "ठिव तितंच. घडी मोडू नगंस."