दिसलं तेवढंच

भालेराव बाईंना मुलांच्या विज्ञानाच्या वहीत ‘सुंदर’ हा शब्द चालत नसे. कुणी ‘सुंदर फूल’ लिहिलं की त्या म्हणत, “पाकळ्या किती? मोज. दिसलं तेवढंच लिही, वाटलं ते आईला सांग.”

तिसगावजवळच्या आमच्या शाळेत आम्ही दोघंच शिक्षक. टॅब मिळाले तेव्हा मी ते कुलपात ठेवायच्या मताचा होतो. बाईंनी चौथीच्या मुलांना ते घरी नेऊ दिले. “फुटला तर फुटला, सर. कपाटात बसून तो काय बघणार?” टॅबवरच मुलांची वही होती. रोज एक फोटो, खाली एक ओळ. ती पानं बाईंच्या मोबाईलवरही येत.

एकदा अभ्यास दिला होता: बदलणारी एक गोष्ट आठ दिवस पाहा. कुणी लिंबावरची बुरशी घेतली, कुणी कांद्याचा कोंब. नऊ वर्षांच्या रेणुकाने आईचा दंड घेतला. ‘सोमवार. लाल, सुजलेला. बुधवार. निळा. शनिवार. कडेने पिवळा.’ रविवारच्या फोटोत त्याच दंडावर नवा वळ होता. खाली लिहिलं होतं, ‘परत लाल.’

त्याच संध्याकाळी बाई रेणुकाच्या घरी गेल्या, टॅबवरच्या फोटोंबद्दल विचारलं. आई म्हणाली, “पडले हुते बाई. तुमी नका यात पडू.” बाप ओट्यावर बसून सगळं ऐकत होता.

दुसऱ्या दिवशी भर वर्गात तो कुदळीचा दांडा घेऊन आला. रेणुकाच्या हातातला टॅब हिसकावून त्याने फरशीवर आपटला, दांड्याने काचेचा भुगा केला आणि मग दांडा पोरीवरच उगारला. बाई मध्ये आल्या. हाड मोडल्याचा आवाज मला शेजारच्या वर्गात ऐकू आला. मी धावलो, आणि दारातच थबकलो.

“माज्या घरातलं चव्हाट्यावर आणती व्हय गं?” दुसरा घाव खांद्यावर बसला. बाई भिंतीला टेकल्या, पण पाठीमागची पोर सोडली नाही. मोडका हात पोटाशी धरून म्हणाल्या, “फोडलीस ती नुसती काच. पानं माझ्यापाशी आहेत. आणि ही बावीस पोरं बघतायत. दिसलं ते लिहायला मीच शिकवलंय त्यांना.”

दांडा हवेतच राहिला. तेवढ्यात रस्त्यावरची माणसं धावत आली, त्यांनी त्याला आडवा पाडला.

प्लास्टर घालून बाई थेट ठाण्यात गेल्या. मी सोबत होतो. रेणुकाची आईही आली होती, भिंतीशी मान खाली घालून बसली होती. हवालदार म्हणाला, “तुमच्या हाताचं लिवून घेतो बाई. बाकी नवरा-बायकोचं हाय, मिटवून टाका.” बाईंनी मोबाईलवर एकेक पान त्याच्यापुढे सरकवलं. शेवटच्या पानाला ती माउली उठली. पदर बाजूला करून तिने दंड पुढे केला. “मीच सांगते सायेब. लिवा.”

आज मायलेकी शेवगावला मावशीकडे असतात. बाईंचं मनगट वाकडंच जुळलं. फळ्यावर लिहिणं सुटलं, शिकवणं सुटलं नाही.

ठाण्यात त्या दिवशी शेवटी हवालदाराने मला विचारलं, “सर, तुमी कुठं हुता?” मी बाईंकडे पाहिलं. त्यांनी नजर वळवली नाही, खूणही केली नाही.

“दारात उभा होतो,” मी म्हणालो. “आत गेलो नाही.” आणि सही केली.