टीव्हीला केबल, सुनेला वायफाय

"मॅडम, पायजे तं वायफायचा आणखी एक डबा लावा. पन भिंतीला भोक पाडायचं न्हाय," काशिनाथशेठ हॉलमधल्या सोफ्यावरून मला सांगत होते. नजर टीव्हीवर होती. मी जिन्यात लॅपटॉप उघडून उभी होते आणि तोंडून काहीतरी वाकडं जाऊ नये म्हणून स्क्रीनवरचे आकडे वाचत होते.

मी नेटवर्किंगचं काम करते. टेमघरला माझं छोटं ऑफिस आहे. शेजारच्या पूर्णा गावातल्या गोदामांमध्ये कॅमेरे, कॉम्प्युटर, स्कॅनर जोडणाऱ्या केबल टाकणं हा मुख्य धंदा. घरची कामं शक्यतो घेत नाही. गोदामात निदान मॅनेजर ऐकून तरी घेतो. घरात प्रत्येक जण एक्स्पर्ट असतो. काल्हेर गावातल्या या घराचं काम घेतलं ते शेठच्या सुनेमुळे, प्राजक्तामुळे.

प्राजक्ता स्पीच थेरपिस्ट आहे. ज्या मुलांना उच्चार जमत नाहीत त्यांना ती बोलायला शिकवते. लग्नाआधी ठाण्याला एका क्लिनिकमध्ये जायची. आता त्याच क्लिनिकची मुलं ती घरून व्हिडिओ कॉलवर घेते. फोनवर तिनं मला आधी वायफायबद्दल काहीच सांगितलं नाही. एका मुलीबद्दल सांगितलं.

"ताई, सहा वर्षांची आहे. आमचं कधीपासून 'श' वर काम चाललंय. काल ती 'शेंगा' म्हणाली, मला 'एंगा' ऐकू आलं. मी म्हटलं, परत म्हण. परत 'एंगा'. मी परत म्हणायला लावलं. शेवटी ती रडत उठून गेली. मग तिची आई म्हणाली, मॅडम, ती बरोबर म्हणत होती. मला इथं स्पष्ट ऐकू येत होतं."

मग ती म्हणाली, "बरोबर बोलणाऱ्या पोरीला मी चूक ठरवलं. एकदा नाही, परत परत."

क्लिनिकनं तिला सांगून टाकलं होतं की कनेक्शन सुधारलं नाही तर मुलं दुसऱ्या थेरपिस्टकडे जातील. घरी तिनं हे सांगितलं तर उत्तर मिळालं, झेपत नसेल तर सोड, आपल्याला काय कमी आहे? काशिनाथशेठची गोदामं भाड्यानं दिलेली आहेत, घर तीन मजली आहे. खरंच काही कमी नव्हतं. त्या मुलीचा 'श' सोडून.

दुसऱ्या दिवशी मी घर बघितलं. इंटरनेटची लाइन तळमजल्यावर जिन्याखालच्या कपाटात येते आणि तिथंच राउटर आहे. प्राजक्ताची खोली सगळ्यात वर, मागच्या बाजूला. मध्ये स्लॅब. शिवाय जिन्याची अख्खी भिंत आरशानं मढवलेली. आरशाच्या पाठीला धातूचा मुलामा असतो आणि वायफाय त्यातून नीट जात नाही. यावर इंटिरियर डिझायनरनं उपाय काय केला, तर प्रत्येक मजल्यावर एक पांढरा डबा लावला. हा डबा खालून वायफाय घेतो आणि पुढे देतो. म्हणजे निरोप थेट पोचत नाही, एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे जातो. वाटेत काही गळतं, काही उशिरा पोचतं.

"पण स्पीड तर फुल दाखवतंय," प्राजक्ताचा नवरा निलेश मोबाइल पुढे करत म्हणाला.

ही मोबाइलवरची स्पीड टेस्ट माझ्या धंद्याची डोकेदुखी आहे. मी त्याला लॅपटॉपवर पिंग लावून दाखवलं. पिंग म्हणजे राउटरला सारखी हाक मारायची आणि तो ओ देतो का ते बघायचं. खाली कपाटाशेजारी बसून हाक मारली तर प्रत्येक वेळी ओ आली. वर प्राजक्ताच्या टेबलावर मारली तर मध्येच उत्तर गायब, मध्येच एखादं रेंगाळत येणारं. सिनेमा बघताना हे जाणवत नाही, कारण मोबाइल पुढचा थोडा भाग आधीच आणून ठेवतो. समोरासमोर बोलताना ती सोय नाही. त्या मुलीनं अजून उच्चारलेलाच नाही तो शब्द आधी कुठून आणून ठेवणार?

निलेशला पटलं. निदान त्यानं मान तरी हलवली. मी जिन्याखालचं कपाट पुन्हा उघडलं, कारण तिथून निघालेल्या केबलचा एक जाड जुडगा मी आधीच बघितला होता. एकेक केबल कुठं जाते ते विचारत गेले. एक हॉलमधल्या टीव्हीला. एक निलेशच्या ऑफिसच्या टेबलाला. बाकीच्या कॅमेऱ्यांना. गेटवरच्या, पार्किंगमधल्या, गच्चीवरच्या. मागच्या गोठ्यावरच्या कॅमेऱ्यालाही केबल होती.

"आणि वरच्या खोलीला?" मी विचारलं.

निलेश जरा घुटमळला. "डिझायनरनं विचारलेलं तेव्हा. आम्ही म्हटलं, हिचं काय, दोन-तीन तास लॅपटॉप घेऊन बसणार. वायफायवर भागेल."

प्राजक्ता मागेच उभी होती. "मला कोणी विचारलंच नाही," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला बरं वाटलं असतं.

गोठ्यातल्या म्हशी नीट दिसाव्यात म्हणून केबल आणि ही बाई मुलांना बोलायला शिकवते तर तिला उरलंसुरलं वायफाय! माझं डोकं तिथंच फिरलं. पण रागानं केबल पडत नाही. मी उपाय सांगितला. घराच्या मागच्या भिंतीवरून एक बारीक पाइप वर न्यायचा. एसीच्या पाइपसाठी भिंतीला भोक असतंच, त्यातून केबल खोलीत घ्यायची. तोडफोड नाही, मार्बलला धक्का नाही.

निलेशनं डिझायनरला फोन लावून स्पीकरवर टाकला.

"मॅडम, एलिव्हेशन जाईल, घर बाहेरून बेढब दिसेल," तो म्हणाला. "आजकाल सगळं वायरलेस असतं. वायर आउटडेटेड झाली."

"मग टीव्हीला का टाकलीत?"

"शेठना मॅच अडकलेली चालत नाही ना!"

शेठ खळखळून हसले. मला हसू आलं नाही. राहिली एलिव्हेशनची गोष्ट. घराच्या मागे गोदामांचे पत्रे आहेत. ती भिंत बघायला येणार कोण, तर माल उतरवणारे ट्रक ड्रायव्हर!

"डबाच लावा, मॅडम. भारीतला लावा," शेठनी निकाल दिला.

"शेठ, जे चालणार नाही हे मला माहीत आहे ते मी लावत नाही," मी म्हटलं आणि बॅग भरली.

प्राजक्ता मला गेटपर्यंत सोडायला आली. चप्पल घालताना तिनं हळूच विचारलं, "ताई, हॉलमधल्या टीव्हीची केबल काढून माझ्या लॅपटॉपला लावली तर चालेल?"

चालेल म्हटलं. तिच्या लॅपटॉपला केबलची खाच नव्हती, एक छोटा अडॅप्टर लागणार होता. तो माझ्या बॅगेत होता. तिच्या हातात ठेवला आणि निघाले.

पुढचं तिनं मला फोनवर सांगितलं. दुपारी जेवून शेठ मॅच लावून बसले होते. ही खाली आली, हातात लॅपटॉप, हेडफोन आणि घडीचं टेबल.

"बाबा, माझं सेशन आहे. टीव्ही बंद करते."

शेठना वाटलं, चेष्टा करते. तिनं टीव्हीच्या मागून केबल काढली, लॅपटॉपला लावली आणि भिंतीकडे पाठ करून बसली. हेडफोनमुळे मुलीचा आवाज बाहेर येत नव्हता. घरच्यांना फक्त प्राजक्ता ऐकू येत होती. "शेपूट... छान. परत म्हण. शहाळं... नाही, जीभ मागे घे. हां, आता."

"आता आमी कुठं बसायचं?" शेठनी विचारलं.

"ओटीवर बसा की," सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "ती कामाव हाय, दिसत न्हाय का?"

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी गोदामाचे भाडेकरू भेटायला आले, त्यांनाही ओटीवरच बसवावं लागलं, कारण हॉलमध्ये 'शाळा, शिट्टी, शंख' चाललं होतं. प्राजक्ता कुणाशी भांडली नाही. वेळ झाली की खाली यायची, केबल काढायची, काम करायची, केबल होती तशी लावून वर जायची.

मग निलेशचा फोन आला. "मॅडम, ती मागच्या भिंतीची केबल टाकून द्या. उद्याच जमेल का?"

"एलिव्हेशनचं काय?"

"ते राहू द्या हो. पप्पांची उद्या दुपारी मॅच आहे."

म्हणजे सुनेचं काम जाणार होतं, एक लहान मुलगी रडली होती, त्यानं भिंत हलली नाही. मॅच बुडाली तशी हलली. मला इतका संताप आला की क्षणभर नाही म्हणावंसं वाटलं. पण केबल शेठच्या नाही, प्राजक्ताच्या खोलीत जाणार होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामाला लागले आणि जेवणाच्या आत संपवलं. पाइपला भिंतीचाच रंग मारला. प्राजक्ताच्या टेबलावरून पिंग लावलं. एकही हाक वाया गेली नाही. मी खाली हत्यारं गोळा करत होते तेव्हा ती सेशन संपवून धावत आली.

"ताई, ती 'शेंगा'वाली मुलगी आज नवीन शब्दांत खूप वेळा चुकली!" ती हसत होती. "आणि मधेच दोनदा बरोबर म्हणाली. कुठलं चूक, कुठलं बरोबर, ते मला कळलं. बरोबर आलं तेव्हा मी टाळ्या वाजवल्या, तर ती खुर्चीतून उठून नाचली."

क्लिनिकनं मुलं तिच्याकडेच ठेवली. काशिनाथशेठ आता पाहुण्यांना सांगतात, "आमच्या सुनेला आमी पेशल लाइन दिली हाय." मी समोर असले तरी सांगतात. मी चहा पिते.

वायफाय वाईट नाही. मोबाइल घेऊन घरभर फिरायचं तर वायफायच हवं. पण जे यंत्र एका जागी बसून असतं आणि ज्यावर कुणाचं काम अवलंबून असतं, त्याला केबल द्या. घर बांधत असाल तर कुठल्या खोलीत कोण काय करणार, हे त्या खोलीत बसणाऱ्यालाच विचारा. पाइप प्लास्टरच्या आधी टाकला तर भिंतीच्या आत राहतो. विचारायचं राहून गेलं, तर तो बाहेरून जातो आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतो.