आल्यावर पाणी मिळेल

फोनवर पहिला प्रश्न भाड्याचा असायचा, दुसरा गाडी लावायला जागा आहे का हा. तिसरा जरा थांबून यायचा. "मॅडम, तुमचं पूर्ण नाव काय म्हणालात?"

मी काहीच म्हणालेली नसायचे. खोल्यांच्या बुकिंगच्या अॅपवर तेव्हा माझं फक्त पहिलं नाव दिसायचं, आणि पहिल्या नावावरून आजकाल कोणाचा अंदाज लागत नाही. लोकांना हवं असतं आडनाव. मी सांगायचे, "गेटवर पाटी आहे. आल्यावर वाचा."

ती पाटी बाबांनी लावलेली. पुलगावच्या दारूगोळा डेपोत जन्मभर मजुरी करून, निवृत्तीच्या पैशातून त्यांनी वर्ध्याजवळ बोरगाव मेघेला हे घर बांधलं. पेंटरने काय लिहू म्हणून विचारलं, तर स्वतःचं नाव सांगायचं सोडून माझं सांगितलं. आडनावासकट. आणि पुढे बी.कॉम.

मी लाजले. म्हटलं, "बाबा, बी.कॉम. कोणी गेटवर लिहिते का?"

"ज्यायच्या घरी पह्यलेपासून आहे ते नाई लिहित," बाबा म्हणाले. "आपण लिहू."

बाबा गेले, पाटी आहे. रंग उडाला की मीच ब्रश घेऊन गिरवते. बी.कॉम. जरा जाडच गिरवते.

बाबांच्या मागे वरच्या दोन खोल्या मी दिवसाच्या भाड्याने द्यायला लागले. दवाखान्यात पेशंट घेऊन आलेले, परीक्षेला आलेले, आश्रम बघायला आलेले, लग्नाचे वऱ्हाडी, असे लोक येतात. चादरी मी स्वतः धुते, संडास मी स्वतः घासते आणि हिशेबही मीच ठेवते. खाली मी आणि माय राहतो. जेवण हवं असेल तर माय करते, आणि तिच्या हातचा पाटोडीचा रस्सा खाऊन नागपूरच्या लोकांनीसुद्धा ताट पुसून घेतलेलं मी पाहिलं आहे.

पण मायला अजून पटलेलं नाही की हे गिऱ्हाईक आहेत. तिच्या लेखी ते पाहुणे. आणि पाहुणा दारात आला की आधी गडवाभर पाणी. आमच्याकडे ही रीतच आहे, बाकीचं बोलणं नंतर. गेट वाजलं की माय माठातून पितळेचा गडवा भरते, पदराने बूड पुसते आणि पाहुण्याच्या हातात देते. दिला की लगेच आत वळते, चहा ठेवायला.

नागपूरला माझी एक कॉलेजची मैत्रीण आहे. तिचाही हाच धंदा, तीन फ्लॅटांचा. तिने मला सुरुवातीलाच शिकवलं होतं. "समोरची खोली कशी न्यूट्रल ठेवायची. झाड ठेव, एखादं पेंटिंग लाव. फोटोबिटो आत घे. पाणी बाटलीबंद. लोकांना प्रश्नच नको पडायला."

बाटल्या मी वरच्या फ्रिजमध्ये ठेवल्या. सगळेच ठेवतात. फोटो मात्र हलवले नाहीत. समोरच्या खोलीत, दारातून सरळ दिसेल असे, बुद्ध आणि निळ्या कोटातले आम्हा सगळ्यांचे बाप शेजारी शेजारी आहेत. घर बांधलं तेव्हा दरवाज्याच्या आधी त्या भिंतीला प्लास्टर झालं होतं, फोटोंसाठी.

बाटल्या पाहून माय म्हणाली होती, "पाहुण्याले कोणी बाटली देते काय व?"

"माय, लोकायले सवय असते."

"असू दे. मी गडवाच देईन. मले पाटलाच्या वाडीवर वरून ओतून देत पाणी, ओंजळीत. आता मायं घर आहे. मी हातात देतो."

त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

तर यंदाच्या लग्नसराईत पुण्याहून एक जोडपं आलं. काका बँकेतून निवृत्त, काकू गोड बोलणाऱ्या. भाचीचं लग्न वर्ध्यात. पूर्ण आठवड्याचं बुकिंग, दोन्ही वेळचं जेवण. शिवाय मागून नातेवाईक येणार होते, तेही आमच्याकडेच. एवढं मोठं बुकिंग मला कधी मिळालं नव्हतं. मी वरच्या खोल्यांना नवे पडदे लावले.

दुपारी ते आले. मायने गडवा दिला आणि आत वळली. काकांनी तो घेतला, पाटी वाचली, मग उघड्या दारातून भिंतीकडे पाहिलं. मी त्यांच्या मागेच बॅग घेऊन उभी होते. त्यांनी गडवा गेटच्या खांबावर ठेवला, भरलेलाच, आणि रुमालाने हात पुसले. हात ओले नव्हते.

थोड्या वेळाने वरून फोन आला. माझ्याच घरात, वरच्या मजल्यावरून खालच्या मजल्यावर. "ताई, जेवणाचं राहू द्या, आम्ही बाहेरून मागवू. आणि एक छोटी रिक्वेस्ट. समोरच्या खोलीतला तो फोटो लग्नापुरता आत ठेवता आला तर बरं होईल. काही जास्तीचं द्यावं लागलं तरी हरकत नाही."

फोन स्पीकरवर होता. हातात पीठ होतं म्हणून. मायने सगळं ऐकलं.

मी हात धुऊन समोरच्या खोलीत आले, तर माय स्टुलावर चढलेली. निळ्या कोटातला फोटो काढून तिने छातीशी धरला होता.

"माय, काऊन काढला?"

"तुया धंदा आहे, बाई. मायामुळं काऊन बुडवतं? चार दिवस आत राह्यले तर बाप काही रागवत नाई."

"बाप रागवत नाई. मी रागवतो. दे इकडे."

"नावं ठेवतीन व ते. मोबाइलवर लिहितीन. तूच सांगत होती ना, तारे कमी केले का लोक येत नाई म्हणून?"

ते मीच सांगितलं होतं. आमच्यासारख्या लहान घराला दोन वाईट शेरे मिळाले की अॅपवर ते इतकं खाली जातं की कोणाला दिसतच नाही. हे सगळं मला कळत होतं. पण माझी माय त्या स्टुलावर, स्वतःच्या घरात, चोरासारखी उभी होती. तिच्या हातातून मी फोटो घेतला, खिळ्याला लावला, सरळ आहे का ते मागे सरून पाहिलं. मग गेटवरचा गडवा ओतला, धुतला, माठातून पुन्हा भरला आणि जिना चढले.

काका खुर्चीतून अर्धे उठले. "या, या. गैरसमज नको हं. आम्ही तसलं काही मानत नाही."

"कसलं काका?"

"म्हणजे तेच. माझ्या ऑफिसात तुमचे लोक कितीतरी होते. चांगले मित्र."

"माझे लोक म्हणजे बी.कॉम.वाले का?"

काकू मध्ये पडल्या. "अहो ताई, माझ्या नणंदेच्या सासूबाई यायच्यात उद्या. जुन्या वळणाच्या. आम्हाला स्वतःला काही नाही."

दर वेळी कोणीतरी सासूबाई असतात. इतक्या वर्षांत त्यांच्यातली एकही मला अजून भेटलेली नाही.

"तुम्हाला काही नाही ना?" मी म्हटलं. "मग हे घ्या. माझ्या मायने दिलेलं खालीच राहिलं होतं."

काकांनी गडव्याकडे पाहिलं. "मला गार पाणी चालत नाही. घसा धरतो."

"माठातलं आहे, बर्फातलं नाही."

"तसं नाही, प्रवासात पाणी बदललं की पोट..."

"माठ आणि तुमचा बेसिनचा नळ, दोन्ही एकाच टाकीवर आहेत काका. आत्ता चूळ कशाने भरली?"

काकू खिडकीबाहेर बघायला लागल्या. नव्या पडद्याची कड त्यांनी उगाच सारखी केली.

मी गडवा टेबलावर ठेवला. "जेवण बाहेरून आणा, त्याला माझं काही म्हणणं नाही. फोटो आहे तिथेच राहील. आणि आमच्या घरी आलेला माणूस आमचं पाणी खांबावर ठेवून वर येत नाही. राहायचं असेल तर असं राहा. नसेल तर बुकिंग मी रद्द करते, पैसे पूर्ण परत."

"ही बोलायची पद्धत झाली का? आम्ही रिव्ह्यूमध्ये लिहू हं."

"लिहा. मराठीत लिहा, मायला वाचून दाखवीन."

संध्याकाळच्या आत ते गेले. मागून येणारे नातेवाईकही अर्थातच आले नाहीत. गडवा टेबलावर भरलेला तसाच होता. शेरा दुसऱ्या दिवशी आला, एक तारा. "घर स्वच्छ. यजमान उर्मट." घर स्वच्छ हे शत्रूनेसुद्धा लिहिलं, याचा मला आजही अभिमान आहे. खाली उत्तर द्यायला जागा असते. मी लिहिलं, "पाणी दिलं होतं. प्यायले नाहीत."

मैत्रिणीचा नागपूरहून लगेच फोन. "पागल झाली का तू? डिलीट कर ते. सॉरी लिही, धंदा आहे हा!"

"तुझ्या फ्लॅटात धंदा आहे," मी म्हटलं. "माझ्या घरात माझी माय आहे."

मायचं मात्र काही ठीक नव्हतं. जेवताना म्हणाली, "आता बाटलीच देत जाय तू. मी समोर येत नाई."

हे ऐकलं आणि त्या एका ताऱ्याने जे झालं नव्हतं ते झालं. मी ताट बाजूला सारलं. मी उठले, वर गेले, फ्रिजमधल्या सगळ्या बाटल्या खाली आणल्या आणि शेजारच्या बांधकामावरच्या बायांना वाटून टाकल्या. मग मायला म्हटलं, "लुगडं बदल. फोटो काढायचा आहे तुया."

"मायाच? कायले?"

"मोबाइलवर टाकतो. घराचा पह्यला फोटो."

"येडी झाली का व? लोक पलंग पाह्यतीन, संडास पाह्यतीन. मले पाहून कोण येईन?"

"ज्याले यायचं तोच येईन."

ती पुटपुटत आत गेली. बराच वेळ बाहेर येईना. मी डोकावून पाहिलं तर लुगडं बदललेलं होतं आणि ती चिंच लावून गडवा घासत बसली होती. "असा काळा गडवा पाहून पुण्यामुंबईचे लोक काय म्हणतीन," ती म्हणाली. मी घासू दिला.

आता अॅपवर आमचं घर उघडलं की आधी समोरची खोली दिसते. भिंतीवर दोन फोटो, खाली माय, हातात गडवा. ती हसत नाही, कॅमेऱ्याकडे सरळ बघते. नाव पूर्ण, आडनावासकट. घराच्या नियमांत पहिली ओळ: आल्यावर पाणी मिळेल, आमच्या माठातलं. बाटली मिळणार नाही.

बुकिंग कमी झालं. खोटं कशाला सांगू? लग्नवाले तर जवळजवळ बंदच झाले. नवे पडदे मीच बघत बसते कधी कधी. जे येतात ते फोटो पाहून, नियम वाचून येतात, आणि फोनवर पूर्ण नाव विचारायची आता कोणाला गरज पडत नाही.

मागच्या आठवड्यात आर्वीकडचं एक कुटुंब आलं, म्हातारा दवाखान्यात भरती म्हणून. गेट वाजलं तशी माय गडवा घेऊन निघाली. मी चहाचं भांडं चढवलं आणि दारातून पाहत राहिले. तिने गडवा पाहुण्याच्या हातात दिला. पूर्वी दिला की ती लगेच आत वळायची. चहासाठी, असं ती म्हणायची आणि मीही तेच समजत होते. या वेळी ती वळली नाही. कमरेवर हात ठेवून तिथेच उभी राहिली, तो पिईपर्यंत, त्याच्या तोंडाकडे बघत.