बातमी बटणाखाली हवी

शेजारच्या नलूवहिनी घरगुती डबे देतात. काल त्यांचं बोट माउसवर असं थबकलं होतं, जणू खाली विंचूच बसलाय. पडद्यावर ‘अपडेट करा’ असं बटण आणि त्याखाली दोनच शब्द: किरकोळ सुधारणा.

दातांचा डॉक्टर ‘किरकोळ’ म्हणाला की मी खुर्ची घट्ट धरतो. इथेही तेच. मागच्या अपडेटनंतर वहिनींच्या वेबसाइटवरच्या ऑर्डरच्या पानावरून ‘काय चालत नाही’ हा रकानाच नाहीसा झाला होता. एका छोट्या मुलीला शेंगदाणा अजिबात सोसत नाही. डबा भरताना वहिनींना शंका आली, त्यांनी तिच्या आईला विचारलं, म्हणून दाण्याचा कूट घातलेली कोशिंबीर घरीच राहिली.

ते पान चालवणारं प्लगइन, म्हणजे वेबसाइटला जोडायचा छोटा प्रोग्रॅम, बनवणारा कौस्तुभ आमच्याच इमारतीतला. त्याला मी वरातीसारखा वाजतगाजत वहिनींपुढे आणला.

“लिहिलं होतं की, काका! आमच्या ब्लॉगवर.”

“वा, राजा! गतिरोधक रस्त्यावर आणि त्याची पाटी तुझ्या दिवाणखान्यात!”

तो हसला, पण कान लाल झाले. मला तर आता कुठलाही बदल संशयितच वाटतो. जो बदल बोटापाशी बोलत नाही आणि लांब कोपऱ्यात जाऊन खरं सांगतो, त्याला प्रामाणिक कसं म्हणायचं?

“उद्यापासून बटणाखालीच सगळं लिहितो, वहिनी.”

“उद्यापासून ना? मग आज काय बदललंय, ते त्या मुलीच्या आईला तूच सांग,” म्हणत वहिनींनी फोन लावून त्याच्या हातात दिलासुद्धा.