मुंग्या न झटकणारे मामा

मी तोंडाची फटकळ, हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. पण शवागारातल्या मामांना मी जे बोलले, त्याची अजून लाज वाटते.

सासूबाई दोन वर्षं अंथरुणाला खिळलेल्या. एका सकाळी चहा घेऊन गेले, तर अंग गार. गळ्याभोवती तांबड्या मुंग्या. रात्रीचं खोकल्याचं गोड औषध मानेवर ओघळलं असणार. मी ओल्या फडक्यानं मुंग्या पुसून काढल्या, तर खाली तपकिरी ओरखडे. तेवढ्यात नणंद आली. ओरखडे बघितले आणि किंचाळली, "हिनंच गळा दाबला आईचा!" पोलिसांना फोनही तिनंच केला. मुंग्यांचं सांगितलं, तर म्हणे, "कुठायत मुंग्या?" नवरा बहिणीशेजारी जाऊन उभा राहिला.

हवालदाराबरोबर स्ट्रेचर घेऊन मामा आले. केस पिकलेले, चाल संथ. चादरीच्या चुणीत दोन-तीन मुंग्या दिसल्या, म्हणून मी झटकायला गेले.

"हात लावू नका, ताई. मी काही झटकत नाही, काही पुसत नाही."

"माणूस आहात की दगड? त्यांच्या अंगावर मुंग्या नेणार?"

"नेणार," म्हणाले, आणि चादरीची चारी टोकं गुंडाळून सासूबाईंना तशाच घेऊन गेले. मी दारात उभी राहून नाही नाही ते बोलले.

तिसऱ्या दिवशी हवालदारानं सांगितलं, मी सुटले. मामांनी डॉक्टरांसमोर चादर उलगडली, तर मुंग्याच मुंग्या. ओरखडे त्यांच्याच चाव्यांचे, जीव गेल्यानंतरचे. खाली रक्त साकळलेलं नव्हतं, गळाही आतून धड होता.

मी तशीच शवागारात गेले. मामा दाराशी गमबूट धूत होते.

"मामा, चुकले मी. तुमचे उपकार कसे फेडू?"

"उपकार कसले? ते माझं कामच आहे." बूट उपडे ठेवत म्हणाले, "पाठ जांभळी होती, ती सगळ्यांचीच होते, रक्त खाली उतरतं. पण ताई, इतकी वर्षं अंथरुणात काढलेलं माणूस इथं येतं, तेव्हा पाठीला जखमा असतात. तुमच्या सासूबाईंना एक फोड नव्हता. मीच म्हटलं, साहेब, हेही लिहा."

दोन वर्षांत माझ्याशिवाय घरातल्या कुणी त्यांची पाठ उघडून बघितली नव्हती. मी तिथेच पायरीवर बसले आणि हमसून हमसून रडले.